लग्न कोणाचं आहे?

ताई,

मी मूळची पुण्याची. गेली चार वर्षं जव्हार तालुक्यात एका संघटनेची पूर्णवेळ कार्यकर्ती आहे. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला आम्ही पहिल्यांदाच उमेदवार उभे करतोय. जाहीरनाम्यात आदिवासींचं पारंपरिक ज्ञान आलंच पाहिजे, हा आग्रह माझा. म्हणून शिबिराच्या उद्घाटनाला एका धवलेरी आजींना, म्हणजे वारल्यांच्या लग्नात गाणी म्हणणाऱ्या बाईंना, बोलावलं. शाल-श्रीफळ दिलं, दोन ओळी म्हणा अशी विनंती केली. आजींनी माइककडे बघत विचारलं, ‘लगीन कोनाचं हाय?’ मांडवात हशा पिकला. मग त्यांनी गाणं म्हटलं, आम्ही सगळ्यांनी मोबाइलवर घेतलं. दुपारी उमेदवारांची नावं हात वर करून ठरली, तेव्हा आजी बाहेर जीपची वाट बघत बसल्या होत्या. रात्री पाड्यावरचा एक मुलगा मला म्हणाला, ‘आजीचं गाणं घेतलंत, मत नाही घेतलंत.’ तेव्हापासून चैन नाही.

आमचे ज्येष्ठ साथी म्हणतात, हे सगळं शहरी खूळ आहे. भगत आणि भुताळीच्या (चेटकिणीच्या) मुलखात विज्ञान न्यायचं, की तिथली श्रद्धा राजकारणात आणायची? याउलट तरुण मंडळींना इक्वाडोरसारखं ‘निसर्गाचे हक्क’ असं कलम जाहीरनाम्यात हवंय. आणि मी बाहेरची, सवर्ण, शहरातली. मी यात पडावं, की गप्प बसावं?

— एक कार्यकर्ती, जव्हार

*

अगं, ताई म्हणालीस तर मी अगं-तुगंच करणार.

आधी त्या हशाबद्दल. आजी विनोद करत नव्हत्या. वारल्यांच्या लग्नात सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघट देवी बसते, आणि धवलेरी गाणी म्हणत एकेका देवाला बोलावते. ती म्हणते तेव्हा लग्न लागतं. तिचं गाणं करमणुकीचं नाही, ते तिचं काम आहे. आता असं धर की तू तहसीलदारांना स्टेजवर बोलावलंस, हार घातलास आणि म्हणालीस, ‘साहेब, आमच्यासाठी जरा एक शिक्का मारून दाखवा.’ साहेब विचारतील ना, कागद कोणाचा? आजींनी तेच विचारलं. ज्याच्याकडे अधिकार असतो तो माणूस असंच विचारतो. तुम्ही हसलात, कारण तुम्हाला त्या अधिकारी वाटल्याच नव्हत्या. तुम्ही त्यांना कलाकार म्हणून बोलावलं होतं.

तुझ्या बॅनरवर गोल रिंगणात नाचणारी वारली चित्रं असणार, पैज लावते. आमच्याही असायची.

आता माझी फजिती ऐक. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी गडचिरोलीत एका संस्थेसाठी काम करत होते. एका गोंड गावात जंगल राखण्याबद्दल ठराव करून घ्यायचा होता. मी ठराव टाइप करून नेला होता, खाली सह्यांसाठी रेघासुद्धा आखून. मार्चचे शेवटचे दिवस. सभा सकाळी नऊची ठेवली, उन्हाच्या आत संपावी म्हणून. एकही बाई आली नाही. मी मनात म्हटलं, बघा, बायकांना येऊच देत नाहीत. खरी गोष्ट अशी की तेव्हा मोहफुलांचा हंगाम होता. मोह पहाटे गळतो, बायका अंधारात टोपल्या घेऊन झाडाखाली जातात आणि ऊन चढेपर्यंत वेचत बसतात. उशीर केला तर फुलं गुरं खातात. हे मला सोडून गावातल्या पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक होतं.

मी ठराव वाचला. कोणी काही बोललं नाही. ‘कोणाचा विरोध?’ कोणाचाच नाही. मला वाटलं, जिंकले. कागद पुढे सरकवला तर तो हातोहात फिरत पुन्हा माझ्याकडे आला, एकही सही किंवा अंगठा नाही. एक म्हातारे गृहस्थ विडी विझवत म्हणाले, ‘हे कोणाच्या डोक्यातलं?’ मी म्हटलं, तुमच्याच गावाचं आहे. ते म्हणाले, ‘मग आम्हाला अजून कसं सुचलं नाही?’ आणि उठून गेले. विरोध न करणं म्हणजे होकार, हा सभांचा कायदा मी पुण्या-मुंबईहून नेला होता. त्या गावात नकार देण्याची रीत वेगळी होती. शांत बसायचं आणि कागद परत करायचा.

त्यानंतर मी मेंढ्याला गेले. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) तू ऐकून असशील. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावंही. १९८० च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झालं आणि त्यातून हे गाव स्वतःबद्दल विचार करायला लागलं. ‘मावा नाटे मावा राज’, आमच्या गावात आमचं राज्य, ही घोषणा त्या सगळ्या धामधुमीतली. पुढे तीच ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ अशी गाजली. २००९ मध्ये वन हक्क कायद्याखाली अठराशे हेक्टरांवर जंगलाचा सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांत मेंढा होतं. पण हक्काचा कागद मिळाल्यावरही स्वतःचा बांबू गावाबाहेर न्यायला परवाना वनखात्याचाच लागायचा. २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. मंत्री गावात आले याच्या बातम्या झाल्या. मला मोठी वाटते ती गोष्ट पुस्तकाची. पावती कोण फाडतो, यात सगळं राजकारण आलं.

हे मी तुला सांगतेय त्याचं कारण मात्र वेगळं आहे. मेंढ्यात दोन बैठका असतात आणि त्यांची गल्लत होऊ देत नाहीत. एक अभ्यास गट. त्यात कोणीही बसावं, बाहेरच्यानेही. वाचावं, सांगावं, वाद घालावा, पण तिथे काही ठरत नाही. दुसरी ग्रामसभा. तिथे ठरतं, आणि सगळ्यांचं एकमत झाल्यावरच ठरतं. बहुमताने हात वर करून नाही. एकाचाही नकार असेल तर विषय पुढच्या बैठकीला. मधमाश्यांवर असाच अभ्यास गट चालला. पोळं जाळून, पिळून मध काढायचा तो माश्या न मारता कसा काढता येईल, यावर गावातले मध काढणारे आणि बाहेरचे जाणकार शेजारी बसून बोलले. त्यात ‘पारंपरिक ज्ञान’ कुठलं आणि ‘आधुनिक’ कुठलं, हे नंतर कोणालाच वेगळं काढता येणार नाही. गंमत बघ, ज्ञान आणायला तिथे कोणी परिसंवाद भरवला नव्हता. बसायची पद्धत अशी होती की ज्याला माहीत आहे तो बोलल्याशिवाय गाडी पुढे जाऊच शकत नव्हती.

तुझ्या शिबिरात उलटं झालं. ज्ञान उद्घाटनाला आणि निर्णय जेवणानंतर. गाण्याला दहा मिनिटं आणि उमेदवारांना तीन तास. त्या मुलाने एका वाक्यात जे सांगितलं, त्याहून जास्त मी या अख्ख्या पत्रात सांगू शकणार नाही. पण सदराला जागा आहे, म्हणून पुढे लिहिते.

तुमच्या तरुण मंडळींचं इक्वाडोर. त्यांना चिडवू नकोस, पण पुढची गोष्ट सांग. इक्वाडोरने २००८ च्या संविधानात पाचामामाला, म्हणजे धरणीमातेला, हक्क दिले. किचवा लोकांचा ‘सुमाक कावसाय’, नीट जगणं, हा शब्द संविधानात आला. जगभर कौतुक झालं. आणि त्याच देशात यासुनीच्या जंगलात तेलाच्या विहिरी खोदल्या गेल्या. कलम होतं, पण कलम विहिरीत उतरत नाही. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये देशभर जनमत घेतलं गेलं, तेव्हा साधारण एकोणसाठ टक्के लोकांनी तेल जमिनीतच ठेवा असं सांगितलं. म्हणजे शब्द आल्यावर पंधरा वर्षांनी.

नद्यांचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. मार्च २०१७ मध्ये आठवड्याभराच्या आत दोन देशांत नद्यांना कायद्याने व्यक्ती ठरवलं गेलं. न्यूझीलंडमध्ये व्हांगानुई, आणि आपल्याकडे उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुना. कानाला दोन्ही सारखंच लागतं. पण नदीच्या वतीने बोलणार कोण? व्हांगानुईसाठी दोन माणसं, एक सरकारने सुचवलेला आणि एक त्या नदीकाठच्या माओरी जमातींनी. त्यामागे या लोकांचा शंभराहून जास्त वर्षांचा दाव्यांचा आणि भांडणाचा इतिहास. गंगा-यमुनेचे पालक मात्र नमामि गंगेचे संचालक, राज्याचे मुख्य सचिव आणि महाधिवक्ता. तीन सरकारी खुर्च्या. नदीत जाळं टाकणारा निषाद त्यात कुठे नाही, काठावर काकडी-कलिंगडाच्या वाड्या करणारा नाही. जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, आणि स्थगिती मागायला गेलं होतं ते उत्तराखंड सरकारच. तुमच्या जाहीरनाम्यात वाघ नदीला किंवा वैतरणेला हक्क देणारं कलम खुशाल घाला. फक्त पुढच्याच ओळीत लिहा की नदीतर्फे कोण बोलेल, आणि त्यांना कोण नेमेल. ती ओळ लिहिताना तुमच्या बैठकीत जे भांडण होईल, ते करण्यासारखं भांडण आहे.

आपल्याकडचं नियमगिरी त्यांना सांग. ओडिशातल्या डोंगरिया कोंधांचा तो डोंगर, वर नियमराजा. खाली बॉक्साइट. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खाणीमुळे या लोकांच्या धार्मिक आणि सामूहिक हक्कांना बाधा येते का, हे ग्रामसभाच ठरवतील. बारा गावं निवडली गेली. भर पावसाळ्यात, जिल्हा न्यायाधीशांच्या समोर, बाराही गावांनी नाही म्हटलं. ‘डोंगर आमचा देव आहे’ हे वाक्य त्याआधी अनेक वर्षं माहितीपटांत, पोस्टरवर, भाषणांत येत होतंच. त्याला वजन आलं ते ठरावाच्या वहीत, अंगठ्यांसकट आल्यावर.

आता तुझ्या जव्हारकडे येते, कारण तुझ्या पायाखाली जे आहे ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

राब तू बघितला असशील. भाताची रोपं टाकायच्या तुकड्यावर शेण, डहाळ्या, पालापाचोळा, गवत यांचे थर द्यायचे, वर माती पसरायची आणि पावसाआधी सावकाश जाळायचं. तणाचं बी मरतं, राख मिळते, रोप जोरात येतं. वीस-तीस गुंठ्यांच्या भातासाठी किती डहाळ्या लागतील, कुठल्या झाडाच्या, कुठल्या उंचीपर्यंत तोडल्या तर झाड पुन्हा फुटतं, हे सगळं पाड्यावरच्या माणसाच्या हातात असतं. १८७८ च्या वन कायद्यानंतर या डहाळ्या तोडण्यावर बंधनं आली आणि ठाणे-कुलाबा भागात त्यावरून रान पेटलं. अर्ज, निवेदनं, सभा झाल्या आणि मुंबई सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा. साहेबांच्या लेखी राब म्हणजे अडाण्यांची नासधूस. शेतकऱ्यांच्या लेखी राबाशिवाय भात नाही. गोऱ्या साहेबांनी मग शेतात प्रयोगही करून बघितले. दीडशे वर्षांपूर्वी तुझ्याच मुलखात स्थानिक ज्ञान हा भर राजकारणाचा विषय होता, आणि तो मागणीच्या रूपात आला होता: इतकी डहाळी, या जंगलातून, या महिन्यात.

तुमच्या जाहीरनाम्यात ‘आदिवासींच्या पारंपरिक ज्ञानाचा सन्मान’ असं वाक्य असणार. ते काढून टाक. रानभाज्या महोत्सव असेल तर तोही. (शेवळं आणि कोळीची भाजी मला जीव की प्राण आहे, पण जून महिन्यात पुढाऱ्याने शेवळ्याच्या जुडीबरोबर फोटो काढला म्हणून शेवळं उगवायची जागा वाचत नाही.) पाड्यावर जाऊन ‘तुमचं पारंपरिक ज्ञान काय?’ असंही विचारू नकोस. या प्रश्नाला माणसं एक तर गप्प बसतात किंवा तुला आवडेल ते सांगतात. विचार, ‘गेल्या वर्षी जंगलाच्या गार्डाशी कशावरून भांडण झालं?’ ‘कुठली वाट बंद झाली?’ ‘वरईचं कुठलं बियाणं आता मिळत नाही, आणि ते कोणाकडे होतं?’ ज्ञान भांडणात लपलेलं असतं. पाच भांडणं नीट लिहिलीस तर जाहीरनाम्याची पाच कलमं तयार.

आता तुमच्या ज्येष्ठ साथींचा मुद्दा. मी त्यांच्या बाजूने थोडी आहे, हे त्यांना कळव. साप चावला तर आधी दवाखाना, यात माझ्याकडून चर्चा नाही. भुताळी ठरवून बाईला मारहाण होते, गावाबाहेर काढतात, कधी जीवच घेतात. ती परंपरा आहे म्हणून मी मान खाली घालणार नाही. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आपल्या राज्यात झाला त्याच्यामागे एका माणसाचं रक्त सांडलेलं आहे. पण साथींना एक विचार: भुताळी ठरवलेल्या बाईच्या बाजूने पाड्यात आधी कोण उभं राहतं? मी पाहिलंय ते असं, की उभी राहते तिची बहीण, तिची विहीण, कधी एखादा भगतसुद्धा. परंपरा म्हणजे एका सुरात म्हटलेली प्रार्थना नव्हे, आत भांडणं असतात. साथींना वाटतं तर्क ते बाहेरून नेतात. तो तिथे आहेच, त्याला सभेत जागा नाही इतकंच. आणि जागा नसण्यात तुमच्या सभेचाही वाटा आहे. राबाबद्दलही शेतकी खात्याचे आक्षेप असतील, पाला जाळण्यापेक्षा कुजवा म्हणतील. म्हणू देत. पण ते राब भाजणाऱ्या माणसासमोर म्हणू देत, आणि पाला वाहायला माणसं किती लागतात हा त्याचा उलट प्रश्न ऐकून घेऊ देत.

मग तू काय करायचं? गप्प बसू नकोस. बाहेरच्या माणसाने गप्प बसणं ही पण एक सोय असते, पापही लागत नाही आणि कामही करावं लागत नाही. १९ डिसेंबर १९४६ ला संविधान सभेत जयपालसिंग मुंडा म्हणाले होते की आदिवासींना तुम्ही लोकशाही शिकवू शकत नाही, ती तुम्हालाच त्यांच्याकडून शिकावी लागेल. हे वाक्य भाषणात वापरायला सगळ्यांना आवडतं, मीही वापरलंय. पण शिकणारा वर्गात काय करतो? वही आणतो, वेळेवर येतो, फळा पुसतो.

तुझी वही म्हणजे कायदा. वन हक्काच्या नियमांत पुराव्यांचा तेरावा नियम काढून वाच. गावातल्या, पण स्वतः दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं लिहून घेतलं तर तो पुरावा धरला जातो. जुन्या विहिरी, दफनाच्या जागा, देवाची ठिकाणं हाही पुरावा. म्हणजे ज्या आजींना तू गाणं म्हणायला लावलंस, त्यांनी ‘वाघदेव या आंब्याखाली माझ्या सासऱ्याच्या आधीपासून आहे’ असं सांगितलं आणि ते लिहून, त्यांना वाचून दाखवून, अंगठा घेतला, तर तो सरकार दरबारी चालणारा कागद झाला. त्या फाइलची झेरॉक्स काढणं, उपविभागीय समितीकडे दाव्याची पोच घेणं, फेटाळला तर कारण लेखी मागणं, हे काम तुझं. त्यात तुझं शहरी असणं, इंग्रजी येणं, साहेबासमोर न दबणं सगळं उपयोगी पडेल. लाजू नकोस त्याची.

ग्रामसभेला निम्मी माणसं हवीत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका हव्यात, हेही नियमातच आहे. आकडा भरण्यासाठी घराघरांतून सह्या गोळा करतात, तसलं काही करू नका. बायका कधी मोकळ्या असतात ते विचारा. आवणीत, म्हणजे भाताच्या लावणीत, सभा नको. दिवाळीनंतर निम्मा पाडा वीटभट्टीवर जातो, तेव्हा घेतलेली सभा म्हणजे उरलेल्या म्हाताऱ्यांची सभा. भट्टीवर जाऊन सभा घेतलीत तर मात्र मी स्वतः यायला तयार आहे, भिवंडी असो की वसई. आणि जव्हार अनुसूचित क्षेत्रात आहे. पेसाच्या, म्हणजे अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याच्या, २०१४ च्या राज्य नियमांप्रमाणे पाड्याला स्वतःची वेगळी ग्रामसभा मागता येते. ग्रुपग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये पंख्याखाली खुर्च्यांवर जे बोलता येत नाही, ते पाड्याच्या अंगणात बोलता येतं. किती पाड्यांनी ठराव केलेत ते बघ. हे जाहीरनाम्याच्या पहिल्या पानावर घालण्यासारखं आहे.

लिहून घेण्याबद्दल एक सावधगिरी. केरळातल्या अगस्त्य डोंगरात कानी लोकांनी शास्त्रज्ञांना एक रानफळ दाखवलं, खाल्लं की थकवा जातो असं. त्यातून औषध बनलं, १९९५ मध्ये एका कंपनीला परवाना गेला, आणि परवान्याच्या रकमेतला व रॉयल्टीतला अर्धा वाटा कानींना देण्याचं ठरलं. जगात असं फार कमी वेळा झालंय. तरीही कानींमधल्याच काही वैद्यांनी हरकत घेतली: हे सांगण्याचा अधिकार ज्यांनी सांगितलं त्यांना होता का? म्हणून कुठली औषधी, कुठल्या रोगावर, असं काही जाहीरनाम्यात किंवा फेसबुकवर लिहू नकोस. वन हक्क कायद्यात जैवविविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर समूहाचा हक्क मानला आहे. लिहायचं की नाही, किती, कोणत्या वहीत, ते ग्रामसभेने ठरवू दे. काही गोष्टी लिहायच्याच नाहीत असं ठरलं तर तोही निर्णय.

उमेदवारांचं राहिलं. नावं पुन्हा पाड्यांवर न्यावी लागतील. साथी चिडतील, वेळ नाही म्हणतील, विरोधकांनी प्रचार सुरू केलाय म्हणतील, आणि ते खोटं नसेल. तरी ने. सात पाड्यांवर जमलं तर सात, तीनच जमले तर तीन. एखादं नाव गळेल. एखादी अशी बाई पुढे येईल जिचं नाव तुमच्या यादीत नव्हतं. कोणी येणारही नाही कदाचित, आणि तीच नावं कायम राहतील. पण मग ती नावं पाड्याची असतील.

आजींकडे तू एकटी जा. शाल नको, मोबाइल पिशवीत. बोली येत नसेल तर त्या मुलालाच सोबत ने, त्याने आधीच अर्धं भाषांतर केलेलं आहे. माफी मागायची घाई करू नकोस. माफी मागितली की समोरच्याला ‘राहू दे गं’ म्हणावंच लागतं. बस, चहा घे, आणि शिबिरात त्यांनी काय बघितलं ते विचार. कोण खुर्चीवर होतं, कोण उभं होतं, कोण कोणाकडे बघून हात वर करत होतं. मांडवाबाहेर बसलेल्या माणसाला आतलं फार स्पष्ट दिसतं.

आणि तो व्हिडिओ. किती जणांच्या मोबाइलवर आहे, कोणी कुठे टाकलाय, याचा पत्ता लावून मगच जा. ठेवायचा की काढायचा ते आजींना विचार. त्या हसून ‘ठेवा की’ म्हणतील अशी शक्यता आहे, कारण पाहुण्याला नाही म्हणायची त्यांची रीत नसावी. म्हणून दुसऱ्यांदा विचार. नंतर कधीतरी, त्या तुझ्या घरी आलेल्या असताना.